स्पॅनियलवाल्यांनो, पाऊस सरला: कान, कुसळं आणि गोचीड यांचे अनुभव इथे लिहा

टॉफीचे बाबा, कोथरूड:

मंडळी, पुण्यातला आपला स्पॅनियलवाल्यांचा गट दर महिन्याला एका रविवारी भेटतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे. या महिन्याची भेट सकाळी लवकर ठेवली आहे, फरशा तापायच्या आत. आपल्या ओळखीतल्या एक पशुवैद्यक ताई कान साफ करण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवणार आहेत. त्यानंतर लवंगेचा वास शोधण्याचा खेळ होईल.

त्याआधी हा धागा काढतोय, कारण पावसाळा संपता संपता आपल्या सगळ्यांचे फोन एकसारखेच वाजतात. कान खाजवतोय, पाय चाटतोय, ताप आहे. लांब कान, पोटाखाली झालर, बोटांमध्ये केस आणि नाक कायम जमिनीला. आपली कॉकर स्पॅनियल ही कुत्र्यांची जात इंग्लंडात झुडपांतून पक्षी उठवण्यासाठी तयार झाली, त्यामुळे आपल्याकडेही दिसेल त्या झुडपात ती घुसणारच. तिला अडवू नये असं माझं ठाम मत आहे. घरी आल्यावर आपण तिच्या अंगावरून नीट हात फिरवायचा.

लिहिताना औषधांचे डोस लिहू नका. कशावरून लक्षात आलं, डॉक्टरांनी काय केलं आणि तुम्ही आता काय करता, एवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. टेकडीवरचं कुसळी गवत ऑक्टोबरात वाळायला लागतं. त्याच्या टोकाला बारीक उलटे केस असतात, त्यामुळे कुसळ फक्त पुढेच सरकतं, मागे येत नाही. टॉफी उजव्या पुढच्या पायाची दोन बोटं चाटत बसायला लागली. वरून काही दिसेना. केस बाजूला केल्यावर बोटांच्या बेचक्यात वाटाण्याएवढी लाल गाठ आणि तिच्या तोंडाशी पाण्यासारखा थेंब दिसला. डॉक्टरांनी भूल देऊन गाठ उघडली, आतून अख्खं कुसळ निघालं. ते वर सरकत गेलं असतं तर शोधणंही अवघड, कारण कुसळ एक्स-रेत दिसत नाही.

आता दसऱ्याच्या आधीच तिच्या बोटांमधले आणि कानांच्या आतल्या बाजूचे केस बारीक करून घेतो. टेकडीवरून उतरलो की गाडीत बसायच्या आधी, तिथेच, बारीक दातांचा कंगवा फिरवतो. चालता चालता अचानक सटासट शिंका सुरू झाल्या तर कुसळ नाकात गेलंय असं धरायचं. डोकं एका बाजूला कलतं करून झटकायला लागला तर कानात. दोन्ही वेळा घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

चेरीची आई, मुलुंड:

मुंबईच्या हवेत कान हाच मुख्य विषय. आमच्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं: कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. वरून जड, केसाळ कानाचं झाकण. आत ओल राहिली की बुरशीला रान मोकळं. चेरीच्या कानाला आंबूस वास येतो, मग तपकिरी, तेलकट मळ दिसतो. खाजवणं त्यानंतर. म्हणून मी रोज रात्री तिचे कान उचलून वास घेते. घरातल्यांना आता सवय झालीय.

साफ करताना: औषधी द्रव कानात भरायचा, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे. मग तिला मनसोक्त डोकं झटकू द्यायचं. नंतर बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जातं तेवढंच पुसायचं. काडीचे कापूस अजिबात नकोत, मळ आणखी आत ढकलला जातो. मागच्या वर्षीचे उरलेले थेंब तर घालूच नका. डॉक्टर कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी आहे की जिवाणू त्यावर औषध ठरतं. पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी ऐकू येणंच जाऊ शकतं.

एक गोष्ट उशिरा कळते ती आधी सांगते. कान पुन्हा पुन्हा बिघडत असतील तर मूळ बऱ्याचदा कानात नसतं, कातडीच्या ॲलर्जीत असतं. चेरीचं तसंच निघालं. खाणं बदलल्यावर फरक पडला.

जेवणासाठी अरुंद तोंडाचं खोलगट भांडं वापरा, कान बाहेर राहतात. मी जुन्या सुती ओढणीची पट्टी डोक्यावरून बांधते. फार गोड दिसते ती त्यात.

राजाचे काका, गडहिंग्लज:

आमच्याकडं राजा शेतावर असतो, गोठा शेजारीच. त्यामुळं गोचीड ठरलेला. गेल्या साली पावसाळ्यानंतर राजा भाकरीकडं बघंना. दोन दिवसांनी नाकातनं रक्त आलं. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. कोल्हापूरला नेला. रक्त तपासलं, प्लेटलेट्स पार खाली. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडातनं येणारा ताप. डॉक्टरांनी चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, आठवड्यात उड्या मारायला लागंल, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. तसंच झालं. पाचव्या दिवशी बांधावर बगळ्यांच्या मागं पळत होता. गोळ्या शेवटपर्यंत दिल्या.

हा तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर रक्त पितो आणि खाली उतरतो. मादी भिंतीच्या भेगेत, कौलाच्या सांध्यात हजारानं अंडी घालते. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. आम्ही गोठ्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. अंगावर बघायचं तर चार जागा चुकवू नका: कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या बुडाला. काढताना चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा आणि सरळ ओढायचा. रॉकेल नको, पेटती काडी तर नकोच नको. गोचीड तडफडला की पोटातली घाण उलट कुत्र्याच्या अंगात सोडतो.

मफिनची ताई, औंध:

काकांनी लिहिलेल्या चार जागा आमच्या कपाटावर चिकटवल्या आहेत.

एक प्रश्न. शेजारी सांगतात की उन्हाळ्याआधी मफिनचे सगळे केस मशीनने उडवून टाक, त्याला गार वाटेल. कुणी केलंय का?

एक ग्रूमर, सहकारनगर:

मफिनच्या ताई, पूर्ण गोटा करू नका. कॉकरच्या पाठीवरचे केस चपटे आणि रेशमी असतात, ते उन्हापासून कातडी वाचवतात. मशीन मारलं की पुष्कळदा परत येणारे केस कापसासारखे, गुंता होणारे येतात. नसबंदीनंतरही काही स्पॅनियलच्या केसांचा पोत असा बदलतो. तो आजार नाही, फक्त विंचरणं वाढतं. पोट, मांड्यांच्या आतली बाजू, पंजे, कानांचा वरचा आणि आतला भाग बारीक करा. पाठीचे मेलेले केस बोटांनी किंवा दाट कंगव्याने काढा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाठी काखेत आणि कानामागे असतात, घरी विंचरताना तीच जागा सुटते.

आणि आंघोळीनंतर पूर्ण कोरडं करा. वरून कोरडा, आतून ओला हीच कातडी बिघडण्याची सुरुवात.

राणीची आई, नागपूर:

हे मादी पाळणाऱ्यांसाठी. राणी आमच्याकडे आठ वर्षांची असताना आली. तिचं आधीचं कुटुंब परदेशी गेलं. नसबंदी झालेली नव्हती. माजावर येऊन गेली, त्यानंतर महिनाभराने भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली. नागपूरचा मे महिना असता तर कोणालाच काही वाटलं नसतं, पण हा डिसेंबर होता. जेवण कमी, पोट जरा फुगलेलं. बाहेरून स्राव वगैरे काहीच नाही. सोनोग्राफीत दिसलं की गर्भाशय पुवाने भरलंय. तोंड बंद असलं की पू बाहेर येत नाही आणि तोच प्रकार जास्त धोक्याचा. त्याच रात्री ऑपरेशन झालं. माझे मिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, आत जायला तयार नाहीत, घरी यायलाही नाहीत.

राणी आता अकराची आहे. वयात आलेली, नसबंदी न झालेली मादी माजानंतर एक-दोन महिन्यांत जास्त पाणी पीत असेल तर थांबू नका हो. वाट बघण्यासारखा हा आजार नाही.

हेझलचे बाबा, स्लाउ, इंग्लंड:

आम्ही मूळचे साताऱ्याचे. हेझल वर्किंग कॉकर आहे, म्हणजे प्रदर्शनातल्या कॉकरपेक्षा कान आखूड, केस कमी आणि दम न संपणारा. इथे कुसळांचा त्रास जून-जुलैत, रानगवत आणि बार्लीमुळे. टॉफीच्या बाबांनी लिहिलेलं सगळं इथे तसंच्या तसं लागू पडतं.

मला पिल्लू घेण्याबद्दल लिहायचंय, कारण भारतातले नातेवाईक सारखे विचारतात. इंग्लंडमध्ये 2020 पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदार किंवा दलाल विकू शकत नाही. पैदास करणाऱ्याकडूनच, आईसोबत बघून घ्यायचं. मायक्रोचिप 2016 पासून सक्तीची. पण कायद्यापेक्षा महत्त्वाची वाटली ती डीएनए चाचणी. इंग्लिश कॉकरमध्ये दोन आनुवंशिक आजार ठळक आहेत. एकात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो, आधी रात्री दिसेनासं होतं. दुसऱ्यात मूत्रपिंडं जातात आणि कुत्रा बहुधा दोन वर्षांचा व्हायच्या आतच संपतो. आई-बाप दोघेही वरून ठणठणीत पण वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता 25 टक्के. गालाच्या आतून कापूस फिरवून होणारी चाचणी आहे ही, म्हणून विचारायला संकोच करू नका. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. दोन्ही वेगवेगळे मागा. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

ब्रूनोची आजी, ठाणे:

मी एकटी आणि ब्रूनो, दुसरा मजला. माझे गुडघे असे की लांब फिरवणं होत नाही, त्यामुळे हा दिवसभर गॅलरीत भुंकायचा. गटातल्या एका मुलीने खेळ शिकवला. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत चार लवंगा ठेवायच्या, डबी आधी समोर, मग चादरीखाली, मग दुसऱ्या खोलीत लपवायची. सापडली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. तेल वापरायचं नाही, नुसती लवंग. पहिल्यांदा त्याने दार ओलांडून डबी शोधली तेव्हा त्याची शेपूट नाही, अख्खं मागचं अंग हलत होतं! दहा-पंधरा मिनिटं हुडकलं की झोपतो मस्त. दुपारचं भुंकणं जवळजवळ गेलं.

कॉकर वस्तू पळवून सोफ्याखाली जातात आणि गुरगुरतात, त्यावरही हेच चालतं. हिसकावायचं नाही. दुसरं काहीतरी चांगलं दाखवून अदलाबदल करायची.

कोकोचे बाबा, मडगाव:

समुद्रावर नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कानांच्या पाळ्यांची आतली बाजू कोरडी करा, वाळू बोटांच्या बेचक्यात राहते. आणि लेप्टोची लस दरवर्षी. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात हा रोग येतो, माणसालाही होतो. लस काहीच प्रकारांपासून वाचवते, म्हणून कोकोला पावसात डबक्यातून नेतच नाही.

मोगलीची ताई, नाशिक:

डोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मोगलीच्या डोळ्यांत चिकट, हिरवट चिपडं यायची, पुसली की तासाभरात परत. डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट अडकवून अश्रू मोजले, ते फारच कमी निघाले. कॉकरमध्ये हे बरंच आढळतं म्हणे. आता रोज मलम, बहुधा जन्मभर. पण डोळा निवळला आणि दिसतंही छान. चिपडं म्हणजे नेहमी साधा संसर्गच असेल असं नाही, पट्टीची चाचणी मागून घ्या.

टॉफीचे बाबा, कोथरूड:

किती कामाचं लिहिलंत सगळ्यांनी! राणीच्या आईंचा अनुभव मी छापून भेटीच्या ठिकाणी लावणार आहे.

भेटीबद्दल: रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड आणा. खोकणारा कुत्रा आणि माजावरची मादी त्या दिवशी घरीच राहू द्या. स्वतःचं पाण्याचं भांडं, टॉवेल आणि कंगवा आणा. दिवाळीच्या फटाक्यांची ज्यांना काळजी आहे त्यांनी डॉक्टर ताईंशी तिथेच बोला, औषध लागणार असेल तर ते आधी ठरवावं लागतं. फराळात बेदाणे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

राजाच्या काकांचं वाचून एक काम हाती घेतोय. टिक फीव्हरमध्ये कधी कधी रक्त चढवावं लागतं. रक्त देणारा कुत्रा साधारण 25 किलोच्या वर, एक ते आठ वर्षांचा, निरोगी आणि लसीकरण पूर्ण झालेला लागतो. आपले कॉकर तेरा-चौदा किलोचे, त्यामुळे आपण एकमेकांना देऊ शकत नाही. तुमच्या सोसायटीत, नात्यात लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड किंवा दणकट गावठी कुत्रा असेल तर त्यांच्या घरच्यांना आताच विचारून ठेवा. तयार असतील तर गाव आणि कुत्र्याचं वजन मला कळवा. पुणे, ठाणे, कोल्हापूर अशी गावनिहाय यादी करून भेटीच्या आधी सगळ्यांना पाठवतो.