प्रीमियम डिझेलने डीपीएफची तक्रार थांबेल का? सल्ला हवा आहे

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बीएस-६ मानकाची, दोन लिटर डिझेल इंजिनाची एसयूव्ही आहे. रोजचे जाणे-येणे नाशिकमध्येच, घरापासून सातपूरपर्यंत, आणि क्वचित कसारा घाटाने मुंबई. अलीकडे डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा वरचेवर लागतो. पंपावर सांगतात की एक्स्ट्राग्रीनसारखे महागडे डिझेल भरले तर काजळी धरणार नाही आणि पिकअपही वाढेल. नियमितपणे ते भरावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कॉमनरेल:
आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी इंधनाबद्दल लिहितो. प्रीमियम डिझेल म्हणजे मूळ डिझेलच, त्यात मुख्यतः इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) स्वच्छ ठेवणारी डिटर्जंट रसायने आणि बहुतेकदा सीटेन वाढवणारे द्रव्य मिसळलेले असते. सीटेन क्रमांक जितका जास्त, तितके फवारलेले डिझेल लवकर पेट घेते. त्यामुळे थंड इंजिन सुरू होताना होणारी खडखड आणि पांढरा धूर कमी होतो. परंतु बीएस-६ च्या साध्या डिझेललाही किमान ५१ सीटेनची अट आहे आणि आपले इंजिन त्याच इंधनासाठी जुळवलेले आहे. सीटेन वाढल्याने डिझेलमधील ऊर्जा वाढत नाही, त्यामुळे सुस्थितीतील इंजिनाच्या ताकदीत जाणवण्यासारखी भर पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

डिटर्जंटचा उपयोग मात्र खरा आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून इंधन पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. तिथे थर साचू लागला की फवारा बिघडतो, ज्वलन अपुरे होते आणि काजळी वाढते. हा थर रोखण्यासाठी चांगले डिटर्जंट असलेले इंधन उपयोगी पडते, आणि जुन्या, बऱ्याच किलोमीटर चाललेल्या गाडीत त्याचा परिणाम ॲव्हरेजमध्येही दिसू शकतो. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक (हवा आत घेणारी वाट) यांतील काजळीवर मात्र त्याचा थेट उपाय होत नाही, कारण डिझेल थेट सिलिंडरमध्ये जाते. त्या वाटेने ते वाहतच नाही.

घाटरस्ता:
गंगापूररोडकर, तुमच्या दिव्याचे कारण मला टाकीपेक्षा तुमच्या रोजच्या रस्त्यात दिसते. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जाळायला धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिन जास्तीचे डिझेल फवारते, आणि सातपूरपर्यंतच्या थांबत-थांबत प्रवासात ही प्रक्रिया अर्ध्यावरच तुटते. न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेलाची पातळी चढलेली दिसते का, ते अवश्य पाहा. चढलेली असेल तर तेल लगेच बदलून घ्या. दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या महामार्गावर गाडी एकसारख्या वेगाने चालवावी, मध्ये बंद करू नये. तेलही कंपनीने सांगितलेले, कमी राख सोडणारेच हवे, कारण काजळी जळते, राख मात्र डीपीएफमध्येच राहते.

गंगापूररोडकर:
तेलाची पातळी वरच्या खुणेच्या थोडी वर आहे. म्हणजे आधी सर्व्हिस सेंटरला जावे, हे पटले. प्रीमियम डिझेल मग अजिबात भरू नये का? आणि मध्येच साधे भरले तर काही अपाय होतो का?

कॉमनरेल:
अपाय काहीच नाही, दोन्ही एकमेकांत मिसळले तरी चालते. मी असतो तर अधूनमधून, विशेषतः लांबच्या प्रवासाआधी एखादी टाकी प्रीमियमची भरली असती. रोजच्या वापरात मात्र तो जास्तीचा पैसा डिझेल फिल्टर वेळेवर बदलण्यावर आणि त्यातले पाणी काढून घेण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पावसाळ्यात पाण्यामुळे इंजेक्टरची जी हानी होते, ती कोणत्याही डिटर्जंटने भरून निघत नाही. म्हणून जिथे डिझेलचा खप भरपूर आहे आणि साठा फार काळ पडून राहत नाही, असाच पंप धरून ठेवावा. तेल बदलून झाल्यावर दिवा पुन्हा किती दिवसांनी लागतो, ते इथे जरूर कळवा.