‘निधी मंजूर’ म्हणजे नक्की काय मंजूर?

चौकस : ‘अमुक रस्त्यासाठी १० कोटींचा निधी मंजूर’ अशी बातमी येते. वर्षभराने चौकशी केली की उत्तर मिळतं, ‘तरतूद नाही’. आणखी काही महिन्यांनी, ‘तरतूद आहे, पण निधी वितरित झालेला नाही’. मग आधी मंजूर झालं ते काय होतं? मान्यता, मंजुरी, तरतूद, वितरण हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

लेखाशीर्ष : चालत नाहीत, आणि जिथे चालवले जातात तिथेच लोकांची दिशाभूल होते. महाराष्ट्र शासनाच्या कारभारात या प्रत्येक शब्दामागे वेगळा कागद आहे.

‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे हे काम करायला शासनाची हरकत नाही आणि त्याचा अंदाजित खर्च इतका. यात एक रुपयाही नसतो. ‘तांत्रिक मान्यता’ अभियंता देतो, अंदाजपत्रकातले दर, मोजमापं, नकाशे तपासून. ‘तरतूद’ म्हणजे त्या एका आर्थिक वर्षासाठी त्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या प्रकाराला दिलेल्या हिशेबी क्रमांकाखाली) विधानसभेने ठेवू दिलेली रक्कम. १० कोटींच्या कामाला यंदाची तरतूद ५० लाखांचीही असू शकते. कधी कामासमोर फक्त १ हजार रुपयांची ‘लाक्षणिक तरतूद’ असते. काम अर्थसंकल्पात नोंदलं गेलं, एवढाच तिचा अर्थ. लाक्षणिक तरतुदीवर निविदा काढून कार्यारंभ आदेश दिला की पुढे देयकं थकतात, ती इथून.

यानंतर ‘वितरण’. तरतूद आहे म्हणून सगळी रक्कम १ एप्रिलला हाती येत नाही. वित्त विभाग तिचा काही टक्के भाग टप्प्याटप्प्याने खुला करतो. ती रक्कम बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीतून नियंत्रक अधिकाऱ्याकडून आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, उतरते. त्या शीर्षाखाली शिल्लक असेल तरच बीडीएस, म्हणजे निधी उपलब्ध असल्याची या प्रणालीतली पावती, निघतं, आणि ते जोडल्याशिवाय कोषागार देयक घेत नाही. काम पूर्ण, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, देयक तयार, पण बीडीएस निघत नाही, अशा अवस्थेलाही बातमीत ‘निधी मंजूर’च म्हटलेलं असतं.

शासन निर्णय हातात आला की आधी विषयाची ओळ वाचा. ‘…प्रशासकीय मान्यता देण्याबाबत’ असेल तर पैसे आलेले नाहीत. ‘…निधी वितरित करण्याबाबत’ असेल तर निघालेत. मग शेवटाकडे जा. तिथे साधारण असं वाक्य असतं : ‘सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक याखाली चालू आर्थिक वर्षातील मंजूर अनुदानातून भागविण्यात यावा.’ (मागणी म्हणजे विधानसभेपुढे मताला ठेवलेली खर्चाची रक्कम.) हे वाक्यच नसेल तर पैसा कुठून येणार हे त्या कागदाने सांगितलेलं नाही. लेखाशीर्षाचा पहिला आकडाही बोलका असतो : २ किंवा ३ म्हणजे महसुली (रोजचा, देखभालीचा) खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली (नव्या बांधकामाचा). रस्ते व पूल यांचं महसुली शीर्ष ३०५४, भांडवली ५०५४. देखभाल-दुरुस्तीचे ३०५४ मधले पैसे शिल्लक आहेत म्हणून ५०५४ मधल्या नव्या पुलाला लावता येत नाहीत. पुनर्विनियोजन, म्हणजे एका कामाची शिल्लक दुसऱ्याकडे वळवणं, महसुली आणि भांडवली यांची सीमा ओलांडत नाही, आणि एका मागणीतून दुसऱ्या मागणीतही जात नाही. त्यासाठी पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच जादा रकमेची मागणी) घेऊन पुन्हा सभागृहासमोरच जावं लागतं.

शब्दपाल : भाषेच्या बाजूने थोडी भर. ‘मंजूर’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘नजर’ त्याच धातूचा. मुळात ‘पाहिलेला’, त्यावरून ‘नजरेखालून घालून पसंत केलेला’. म्हणून ‘निधी मंजूर’ ही जोडी मला अर्धवट वाटते. काम मंजूर होतं, मागणी मंजूर होते, देयक मंजूर होतं. कोणी आणि काय नजरेखालून घातलं, हे सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतली ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ ही जोडी मात्र फार नेमकी आहे. ज्याला मत दिलं गेलं तो खर्च दत्तमत. भारित खर्चाचा भार राज्यघटनेनेच राज्याच्या एकत्रित निधीवर (सरकारच्या मुख्य तिजोरीवर) टाकलेला आहे : राज्यपालांचं वेतन, विधानसभा अध्यक्ष व विधान परिषद सभापतींचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन, कर्जावरचं व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम. अनुच्छेद २०२ मध्ये ही यादी आहे. भारित खर्चावर चर्चा होते, मतदान होत नाही.

चौकस : शासन निर्णयातल्या त्या वाक्यात ‘मंजूर अनुदानातून’ असं आलंय. रस्त्याला अनुदान कसलं?

लेखाशीर्ष : एका शब्दावर तीन अर्थांचं ओझं आहे. विधानसभेने मागणीवर मत देऊन दिलेली रक्कम, तेही अनुदान. केंद्राकडून राज्याला किंवा राज्याकडून नगरपालिकेला, शाळेला मिळतं ते सहायक अनुदान. आणि शेतकऱ्याला ठिबक संचावर मिळणारी सवलत, तिलाही अनुदानच म्हणतात. शासन निर्णयातला अर्थ बहुतेक वेळा पहिला. नुसतं ‘अनुदान’ न लिहिता ‘अर्थसंकल्पीय अनुदान’ किंवा ‘सहायक अनुदान’ लिहिलं, तर घोळ राहत नाही.

चौकस : आणि ‘निधी परत गेला’?

लेखाशीर्ष : राज्याच्या तरतुदीबद्दल हे म्हणणं चुकीचं आहे. पैसा एकत्रित निधीतून बाहेर पडलेलाच नसतो, तो परत कुठून जाणार? ३१ मार्चला संपते ती खर्चाची परवानगी. योग्य शब्द ‘व्यपगत’. त्याआधी अधिकाऱ्याने स्वतःहून ‘एवढी रक्कम लागणार नाही’ म्हणून कळवली तर ते ‘प्रत्यर्पण’. प्रत्यर्पण वेळेत झालं तर ती रक्कम त्याच मागणीत दुसऱ्या गरजेच्या कामाला वळवता येते. शेवटच्या दिवशी झालं तर ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

व्यपगत होऊ नये म्हणून मार्चअखेर आणखी एक गोष्ट होते. रक्कम कोषागारातून काढून ‘स्वीय प्रपंजी लेखा’त, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवतात. प्रपंजी म्हणजे खतावणी. हिशेबात खर्च दिसतो, गावात काम दिसत नाही. महालेखापरीक्षकांचे आक्षेप यावर असतात. त्यामुळे ‘खर्च’ हा शब्दही तपासून घ्यावा : आहरित झाला (कोषागारातून काढला गेला) की उपयोगात आला? उपयोगात आल्याचा पुरावा म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र.

शब्दपाल : मग वार्ताहरांनी ‘१० कोटींच्या कामाला प्रशासकीय मान्यता, यंदाची तरतूद ५० लाख’ असं लिहावं. शीर्षकाला दोन-चार शब्द जास्त लागतील, पण गावाला कळेल की यंदा खडी पडेल, डांबर नाही.