आयात-निर्यातीचे नियम सतत बदलत असताना लहान कारखान्याने तयारी कुठून करावी?

कुपवाडची भट्टी

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचा बिडाच्या ओतकामाचा लहान कारखाना आहे. वडिलांनी तो सुरू केला आणि आता थोरले बंधू व मी मिळून तो चालवतो. पंपाचे इंपेलर आणि केसिंग, तसेच पाइपजोडणीचे फ्लँज आणि एल्बो असा माल आम्ही ओततो. त्यातला काही मशीनिंग करून, काही नुसता फेटलिंग (ओतकामावरचा जादा धातू काढणे) करून, जर्मनी आणि इंग्लंडमधल्या दोन खरेदीदारांना न्हावा शेवा बंदरातून पाठवतो.

भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी इंग्लंडच्या खरेदीदाराने ‘आता जकात जाणार, तेव्हा दर किती कमी करता?’ अशी विचारणा केली. आम्ही गडबडून दोन टक्के सोडले. पुढे जर्मन खरेदीदाराकडून भलीमोठी एक्सेल शीट आली, ज्यात प्रत्येक वस्तूमागे किती कार्बन वायू बाहेर पडतो ते भरून मागितले होते. ती भरण्यासाठी वस्तूंचे एचएस कोड (जगभर कस्टम्समध्ये मालाच्या वर्गवारीसाठी वापरले जाणारे क्रमांक) हवे होते, म्हणून मी जुन्या शिपिंग बिलांची (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरलेल्या अर्जांची) फाइल काढली, तर पहिल्या कन्साइनमेंटपासून आजपर्यंत आमचा सगळा माल ‘सी. आय. कास्टिंग’ (बिडाचे ओतकाम) या एकाच नावाने आणि ७३२५ या एकाच शीर्षकाखाली (कोडच्या पहिल्या चार अंकांच्या गटात) गेलेला दिसला. क्लिअरिंग एजंटला विचारले, तर ‘इतकी वर्षे कुणी हरकत घेतली का?’ असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने माझे समाधान झालेले नाही.

या कामासाठी वेगळा माणूस ठेवणे आम्हाला परवडणारे नाही. तेव्हा आमच्यासारख्यांनी नेमकी सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तासगाव ते न्हावा शेवा

मी मूळचा तासगावचा असून गेली बरीच वर्षे न्हावा शेवा येथे कस्टम ब्रोकरकडे काम करतो. आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ जुन्या फाइलविषयीची आहे, आणि सुरुवातही तिथूनच व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे. नियम कोणताही बदलो, तो आपल्या मालापर्यंत कोडच्या वाटेनेच येतो. जकात, रोडटेपचा (निर्यात मालावर इथे बसलेले कर परत देणाऱ्या सरकारी योजनेचा) परतावा, व्यापार करारातली सवलत आणि युरोपचा कार्बन कर (आयात माल बनवताना निघालेल्या कार्बन वायूवरचा) या साऱ्या गोष्टी कोडला बांधलेल्या आहेत. कोड चुकलेला असेल, तर बातमी वाचूनही ती आपल्याला लागू आहे की नाही हे कळत नाही.

७३२५ हे ‘लोखंड वा पोलादाच्या इतर ओतीव वस्तू’ यांचे शीर्षक आहे. ‘इतर’ याचा अर्थ ज्या वस्तूला दुसरीकडे स्वतःची जागा नाही ती. फ्लँज आणि एल्बो यांना ७३०७ मध्ये, म्हणजे पाइपजोडणीच्या सामानात, नाव घेऊन जागा दिलेली आहे. इंपेलर ओळखता येण्याजोगा पंपाचाच भाग असेल, तर तो ८४१३ ९१ मध्ये जातो. मशीनिंग न केलेला इंपेलर हे नुसते कास्टिंगच, असा समज आपल्या भागातल्या अनेक कारखानदारांत आहे. परंतु वर्गीकरणाच्या सामान्य नियमांतील नियम २(अ) असे सांगतो की अपुऱ्या वस्तूला पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप आले असेल, तर ती पूर्ण वस्तूच्या शीर्षकाखालीच धरावी. पाती आणि मधला हब स्पष्ट दिसणारे ओतकाम दुसऱ्या कशासाठी वापरता येत नसेल, तर ७३२५ चा बचाव करणे कठीण आहे. मात्र ड्रॉइंग पाहिल्याशिवाय अंतिम मत देणे योग्य नाही.

एक काम करावे. पॅटर्न (साचे घडवण्याचे नमुने) ठेवलेल्या रॅकसमोर उभे राहून प्रत्येक पॅटर्न नंबरसाठी एक ओळ लिहावी: वस्तू काय, कोणत्या धातूची, वजन किती, मशीनिंग होते का, कुठे बसते, कोणता कोड आणि तो का. शेवटचा ‘का’ हा रकाना सगळ्यांत मोलाचा. अधिकारी बदलतात, एजंट बदलतात आणि पाच वर्षांनी आपल्यालाही आठवत नाही. त्या वेळी ती एक ओळ उपयोगी पडते. जर्मन खरेदीदाराला त्यांच्या कस्टम्सकडून ‘बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन’ म्हणून कोडचा बंधनकारक निर्णय घेता येतो आणि तो तीन वर्षे चालतो. त्यांनी आधीच घेतला असल्यास त्याची प्रत मागून घ्यावी, कारण जकात शेवटी त्यांच्या बाजूला ठरते. जुन्या शिपिंग बिलांच्या दुरुस्तीची तरतूद कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ मध्ये आहे, पण निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेलीच कागदपत्रे तिथे पुरावा म्हणून चालतात. रोडटेपची रक्कम कमी-जास्त घेतली गेली असेल, तर आपल्या सल्लागाराशी बोलून ती बाब आपण होऊन पुढे आणावी, असे मी प्रामाणिकपणे सुचवतो.

हे काम आताच का, याचे आणखी एक कारण आहे. एचएसची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. मागचा बदल १ जानेवारी २०२२ रोजी झाला. स्मार्टफोनला ८५१७ १३ हा स्वतंत्र कोड तेव्हाच मिळाला. त्या जानेवारीच्या पहिल्या दिवसांत आमच्या टेबलावर डिसेंबरमध्ये जुन्या कोडने छापलेल्या इन्व्हॉइसचा गठ्ठा पडलेला होता. कस्टम्सच्या आइसगेट प्रणालीत नवी सूची चढलेली, पण कारखान्यांच्या टॅलीत आणि पॅकिंग लिस्टवर जुनेच आकडे. पार्टीला फोन करा, इन्व्हॉइस बदलून घ्या, ई-वे बिलाशी जुळवा, यात गाडी यार्डात उभी राहते आणि भाडे चढत जाते. सरकारी प्रणाली एका रात्रीत बदलते, कारखान्यातली प्रणाली मात्र कुणीतरी बसून बदलावी लागते.

हळदपेठ

आमचा सांगलीत हळद पॉलिश करून पावडर करण्याचा व्यवसाय आहे. वरचा प्रतिसाद अगदी योग्य आहे. मी फक्त तारखांविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत आम्ही पैसे भरून शिकलो आहोत.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या आदेशात एक सवलत होती: २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी तिथे कस्टम्समध्ये दाखल झालेला माल वाढीव शुल्कातून वगळलेला होता. आमचा कंटेनर वेळेत चढला होता. बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरची) तारीख पाहून आम्ही निर्धास्त झालो. वाटेतल्या बंदरात पुढचे जहाज चुकले आणि माल तिथे पोहोचेपर्यंत सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. पहिली अट पुरी झाली होती, दुसरी हुकली. त्यातून सौदा डीडीपी अटीवर केलेला, म्हणजे तिथली जकात आमच्याच माथी. त्या एका कंटेनरने हंगामाचा नफा गिळला. माझ्या आईने त्या वर्षी घराच्या दुरुस्तीचे काम थांबवले, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून प्रत्येक सौद्याच्या कागदावर आम्ही एक कलम घालतो: सौदा ठरल्यानंतर खरेदीदाराच्या देशात शुल्क वाढले, तर तो भार कुणी उचलायचा. खरेदीदार कुरकुरतात, पण बहुतेक मान्य करतात. तसेच नवा नियम आला की आम्ही आधी एवढेच शोधतो की त्यात कोणती तारीख धरली आहे: इन्व्हॉइसची, माल जहाजावर चढल्याची, की तिकडे बिल ऑफ एंट्री (आयातीचा अर्ज) भरल्याची.

आपण इंग्लंडच्या खरेदीदाराला दोन टक्के सोडलेत, ते वाचून वाईट वाटले. सही होणे आणि करार अंमलात येणे या वेगवेगळ्या घटना आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेन्स्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेल्या करारावर १० मार्च २०२४ रोजी सही झाली आणि तो १ ऑक्टोबर २०२५ रोजी लागू झाला. मधल्या दीड वर्षात कुणालाही एक पैशाची सवलत मिळाली नाही. शिवाय तुमच्या वस्तूवर तिथे मुळात जकात आहे का, हे आधी पाहावे. सुकी हळद युरोपात करारावाचूनही जकातीशिवाय जाते. आम्हाला तिथे अडचण येते ती कीडनाशकांचे अंश आणि इथिलीन ऑक्साइड (मसाले निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तो वायू) यांच्या तपासणीची. कोणत्या देशाच्या कोणत्या खाद्यमालाची सीमेवर किती प्रमाणात तपासणी करायची, याची युरोपची यादी दर सहा महिन्यांनी तपासली जाते. जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ई-पिंग’ या मोफत सेवेवर नाव नोंदवले की आपल्या मालाशी संबंधित प्रस्तावित नियमांची सूचना ईमेलवर येते. दिवसाची दहा मिनिटे पुरतात; आमच्याकडे हे काम माझी बहीण करते.

कुपवाडची भट्टी

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी बंधूंसोबत पॅटर्न रॅकसमोर उभा राहिलो. चौसष्ट पॅटर्न निघाले, त्यातले एकोणीस फ्लँज आणि एल्बोचे. बंधूंचा प्रश्न असा आहे की आमची भट्टी इंडक्शनची, म्हणजे विजेवर चालते, धूर फारसा नाही. मग जर्मन शीटमध्ये लिहायचे तरी काय? आणि कोड बदलले तर हे काम वाढेल की कमी होईल?

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात कॉस्ट अकाउंटंट म्हणून काम करते आणि एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांसाठी ही शीट भरली आहे, म्हणून लिहिते.

आपले काम कमी होण्याची शक्यता अधिक आहे. युरोपच्या कार्बन सीमा कराचा नुसत्या माहितीचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ असा होता आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत ७३०७ आहे, मात्र ७३२५ नाही आणि ८४१३ ही नाही. त्यामुळे कोड नीट लावल्यावर इंपेलर आणि केसिंग यांची माहिती कायद्याने लागत नाही, पण फ्लँज आणि एल्बो, जे आजवर चुकीच्या कोडखाली यादीबाहेर राहिले, त्यांची लागते. यादी पुढच्या पक्क्या मालापर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडलेला आहे, म्हणून बाकीच्या पंचेचाळीस पॅटर्नच्या नोंदी ठेवणेही शहाणपणाचे ठरेल.

खरेदीदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: त्यांची या यादीतल्या मालाची सर्व पुरवठादारांकडून मिळून वर्षाची आयात ५० टनांच्या वर आहे का? त्याखालच्या आयातदाराला या करातून सूट आहे. कर भरायचा तो आयातदाराने, आपण नाही. परंतु आपण खरे आकडे दिले नाहीत, तर त्यांना ठरवून दिलेले वाढीव आकडे धरावे लागतात आणि मग ते दुसरा पुरवठादार शोधतात.

आता भट्टीविषयी. लोखंड-पोलादाच्या मालासाठी सध्या थेट उत्सर्जनच हिशेबात धरतात, विजेमागचे उत्सर्जन आकारणीत येत नाही, त्यामुळे इंडक्शन भट्टीचा आपल्याला फायदाच आहे. लेडल (वितळलेला धातू ओतण्याचे भांडे) तापवण्याचा गॅस किंवा डिझेल, कोअर ओव्हनचे (साच्यातले गाभे भाजण्याच्या भट्टीचे) इंधन आणि भट्टीत टाकलेला कार्बन रायझर (धातूतला कार्बन वाढवणारा पदार्थ) हे मोजावे लागते. सर्वांत मोठा आकडा मात्र तुमच्या कारखान्यात तयारच होत नाही. तो पिग आयर्न, म्हणजे कच्च्या लोखंडासोबत बाहेरून येतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये ते बनताना निघालेला वायू तुमच्या एल्बोच्या खात्यात धरला जातो, तर स्क्रॅपसोबत काहीच येत नाही. म्हणजे चार्जमध्ये पिग आयर्न किती आणि स्क्रॅप किती, यावर सारे अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी सुपरवायझर हे प्रमाण डायरीत पेन्सिलीने लिहितो आणि महिन्याअखेरीस डायरी बदलते. ते हीट नंबरनुसार (भट्टीच्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकानुसार) वजनासह रजिस्टरमध्ये यायला हवे, कारण प्रत्यक्ष आकडे वापरायचे असतील, तर मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेला मूळ नोंदी दाखवाव्या लागतात.

हेच रजिस्टर ब्रिटनच्या करारासाठीही कामाचे आहे. माल भारतीय मूळाचा आहे हे दाखवण्यासाठी बहुतेक करारांत कच्चा माल आणि तयार माल यांचे शीर्षक बदलले का, किंवा इथे किती मूल्य वाढले, हे पाहतात. आयात केलेला स्क्रॅप वापरत असाल, तर तो ७२०४ मध्ये येतो, एल्बो ७३०७ मध्ये. ही साखळी कागदावर दिसली पाहिजे. नव्या करारांत निर्यातदाराच्या स्वतःच्या घोषणेला अधिक स्थान मिळत आहे. आपल्याकडच्या आयातीच्या नियमांतही मार्च २०२५ मध्ये ‘मूळाचे प्रमाणपत्र’ याऐवजी ‘मूळाचा पुरावा’ असा व्यापक शब्द आला, तो त्याचसाठी. स्वतः घोषणा करणे सोपे वाटते, परंतु प्रमाणपत्रावर दुसऱ्याची सही होती आणि घोषणेवर तुमची असेल; तिकडच्या कस्टम्सने दोन वर्षांनी विचारणा केली, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

आपली जर्मन शीट कोणत्या स्वरूपात आहे ते कळवावे. युरोपीय आयोगाचा स्वतःचा नमुना असेल, तर एका एल्बोचे उदाहरण घेऊन आपण तो इथेच भरून पाहू.

कुपवाडची भट्टी

शीट आयोगाच्या नमुन्यातलीच आहे. आमचा सर्वाधिक जाणारा एल्बो चार किलो दोनशे ग्रॅमचा आहे. आजच्या दुसऱ्या पाळीपासून पिग आयर्न आणि स्क्रॅप यांचे वजन वेगवेगळ्या काट्यावर घेऊन हीट नंबरसमोर लिहायला सांगितले आहे. आठवडाभराच्या नोंदी जमल्या की इथे टाकतो. इंग्लंडच्या खरेदीदारालाही आज पत्र लिहिले की करार लागू होईपर्यंत जुना दरच राहील. उत्तराची वाट पाहत आहे.