पवनचक्कीमागच्या वाऱ्याला काय म्हणाल?

शाईपेन: मुलांच्या मासिकासाठी एक लेख मराठीत आणतेय, एका फोटोखालच्या ओळीशी अडलेय. डेन्मार्कजवळ उत्तर समुद्रातला हॉर्न्स रेव्ह प्रकल्प, १२ फेब्रुवारी २००८. प्रत्येक पवनचक्कीमागे धुक्याचा लांब पांढरा पट्टा. समुद्रालगतची दमट हवा पात्यांमागे ढवळली गेली आणि धुकं धरलं. चक्कीतून पार झालेल्या त्या मंद, गरगरत्या वाऱ्याला मूळ लेखात ‘वेक’ म्हटलंय. मी पर्जन्यछायेच्या धर्तीवर ‘वातछाया’ केलं. संपादकबाई म्हणतात, सातवीतल्या पोराला कळणार नाही. काही सुचतंय?

खळं: ‘आडोसा’ आहे की! आमची आजी उफणायला कडब्याच्या गंजीपासून लांब उभी राहायची. जवळ उभं राहिलं की पाटीतलं भूस एकतर सरळ धान्यावर पडायचं, नाहीतर उलटं फिरून डोळ्यांत. “गंजीमागं वारं खुळं होतं,” म्हणायची.

निवांत_नाना: आडोशाला वारा नसतो हो, इथे तर गरगरतोय. मग ‘निवारा’ही चालेल की! नि + वारा, म्हणजे वारा नाही ते ठिकाण.

ओसरी: नाना, ‘निवारा’ हा ‘निवारणे’मधला. वाऱ्याशी त्याचं नातं फक्त यमकाचं. तुम्हाला हवाय तो ‘निवात’. गीतेत ‘यथा दीपो निवातस्थो’ आहे बघा.

निवांत_नाना: बरं. मग ‘निवांत’ कुठून आला?

काटेकोर: मुळात ‘पवनचक्की’च चूक आहे. चक्की दळते. हॉलंडात दळत होत्या, तिथे ठीक. इथे पीठ कुठाय? ‘वातजनित्र’ म्हणा.

सडा: साहेब, चाळकेवाडीच्या पठारावर येऊन ‘वातजनित्र कुठंय’ विचारा, लोक तुम्हाला दवाखान्याचा रस्ता दाखवतील. आम्ही ‘पंखे’ म्हणतो. पण खरं सांगू, घोळ त्या शब्दानंच केलाय. पावसानं दडी मारली की पारावर हमखास निघतं: पंख्यांनी ढग पळवले. पंखा वारा घालतो ना, मग ढगालाही घालणार! हा तर उलटा गडी. वाऱ्याची ताकद काढून घेतो, तीही बेट्झच्या नियमाप्रमाणे ५९.३ टक्क्यांच्या वर नाहीच. मागून वारा निघतो तो दमलेला. ढग ढकलणार कशानं? आमच्या चुलत्यांना हे तीन पावसाळे समजावतोय. ते म्हणतात, “मग पंखा का म्हणतात?”

खळं: ढग पळत नसतील, पण काहीच होत नाही असंही नसावं.

शाईपेन: लेखात पुढे तेच आहे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरची जरा ऊबदार राहते. पाती दोन्ही एकत्र करतात. पश्चिम टेक्सासच्या २००३ ते २०११ च्या उपग्रह नोंदींत, चक्क्यांच्या भागात जमिनीचं तापमान आजूबाजूच्या तुलनेत दशकाला ०.७२ अंशांपर्यंत चढलेलं दिसलं, विशेषतः रात्री. उष्णता नवी नाही, वरचीच खाली आलेली. तिथे मी ‘मिश्रण’ लिहिलंय.

खळं: मिश्रण औषधाचं असतं. ‘घुसळण’ लिहा. रवी फिरल्यासारखं डोळ्यासमोर येतं.

काटेकोर: घुसळणीतून लोणी निघतं. इथे काय निघतं?

सडा: वीज.

काटेकोर: वीज जनित्रातून निघते. म्हणूनच म्हणतोय, वातजनित्र.

शाईपेन: मंडळी, माझ्या ‘वेक’चं काय? उद्या दुपारी द्यायचंय.

ओसरी: आजीचं ‘खुळं वारं’ घ्या. पोरांना कळेल.

काटेकोर: शास्त्रीय लेखात ‘खुळं’?

शाईपेन: बाईंना विचारते.

निवांत_नाना: ‘निवांत’चं अजून कुणी सांगितलं नाही.