इंग्लिश बागेत हे वाळकं गवत कधीपासून आलं?

रेडिंगकर:
मंडळी, बागेतल्या जाणकारांना एक प्रश्न. आई इकडे आलीये, तिला जानेवारीत लंडनजवळच्या विझ्लीच्या (Wisley) मोठ्या बागेत नेलं तर एका पट्ट्यात नुसते तपकिरी दांडे आणि वाळकी बोंडं उभी, आई म्हणे अरे तिकीट काढून कडबा बघायला आणलंस होय! मला आपलं वाटायचं इंग्लिश बाग म्हणजे कापलेली हिरवळ, गुलाब आणि कातरलेली कुंपणं. हे मुद्दाम करतात की माळी मिळत नाहीत?

कुंडीवाला:
मुद्दामच हो. पीट आउडॉल्फ म्हणून डच माणूस आहे, त्याची ही स्टाइल, २००१ च्या सुमारास त्याने तिथे बॉर्डर (फुलझाडांचे लांब पट्टे) केल्या. फुलं गेली तरी झाडाचा सांगाडा बघण्यासारखा हवा असं त्याचं म्हणणं, म्हणून हिवाळा संपेपर्यंत कापत नाहीत, पाखरांना बी पण मिळतं.

पण आखीव बाग की मोकळी, हे भांडण जुनं आहे. व्हिक्टोरियन काळात रोपं काचघरात वाढवायची, उन्हाळ्यात रांगोळीसारखी मांडायची, सीझन संपला की उपटून फेकायची. विल्यम रॉबिन्सन म्हणून माळी आणि लेखक होता, तो याला जाम वैतागला, १८७० मध्ये पुस्तकच काढलं की थंडी सोसणारी झाडं लावा आणि वाढू द्या त्यांच्या मनाने. मग गर्ट्रूड जीकल, मूळची चित्रकार, नजर अधू म्हणून बागेकडे वळलेली. तिच्या घरची बॉर्डर २०० फूट लांब, दोन्ही टोकांना निळे-राखाडी रंग आणि मधे येता येता पिवळा, केशरी, लालभडक. आणि तुमच्या त्या कातरलेल्या कुंपणांच्या नावाजलेल्या बागा, हिडकोट १९०७ नंतरची, सिसिंगहर्स्ट तर १९३० नंतरची, फार पुराण्या नाहीत त्या.

ससेक्सची_सून:
आमच्या ससेक्समधली ग्रेट डिक्स्टरची बाग राहिली की! तिथे लुटियन्सने (तोच, दिल्लीवाला) आखलेली गुलाबबाग होती, तिथला मालक ख्रिस्तोफर लॉइडने १९९३ मध्ये गुलाब उपटले आणि लावलं काय, तर केळी, कर्दळ, डेलिया. मला हसूच आलं, आमच्या कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ माजते, कुणी ढुंकून बघत नाही, इथे लोक फोटो काढतायत. पण पानांमागून ऊन आलं ना, मग मीही काढले.

एसेक्स_एक्सप्रेस:
आमच्या एसेक्समधल्या बागवाल्या बेथ चॅटोचं नाव कुणीच घेत नाही? तिची खडीची बाग आधी कार पार्क होता, १९९० नंतर तिथे माती सुधारून झाडं लावली, वरून खडी पसरली आणि ठरवलं की पाणी घालायचं नाही. तिकडे पाऊस वर्षाला २० इंचांच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी! जागेला मानवेल तेच लावायचं, बस. रेडिंगकर, तुमची माती कशीय ते आधी बघा, चिकण असेल तर नुसती खडी टाकून काही होणार नाही.

रेडिंगकर:
चिकणच आहे, पाऊस पडला की बुटाला चिकटून घरात येते. आणि सगळ्यांना धन्यवाद, पण आमच्या बागेतल्या सेडम या फुलझाडाचे वाळके दांडे ठेवू म्हणत होतो ते आईने काल छाटून कचऱ्यात टाकलेसुद्धा.