बीबीसी मायक्रोचे चित्र आजच्या मॉनिटरवर कसे आणावे?

शाहूपुरीकर: नमस्कार. आमच्या जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा १९८०च्या दशकातला ब्रिटिश संगणक सापडला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून शाळांना असे संगणक मिळाले होते, त्यांपैकीच हा असावा. बटण दाबताच आधी जाड आणि मग बारीक असा त्याचा ओळखीचा आवाज येतो, म्हणजे यंत्र जिवंत आहे. मागील सहा पिनांच्या गोल सॉकेटपासून मॉनिटरला लागणाऱ्या व्हीजीए प्लगपर्यंतची केबल लक्ष्मीपुरीतल्या एका कारागिराकडून करून घेतली. परंतु एलसीडी मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ एवढे दाखवून झोपी जातो. हाच मॉनिटर दुसऱ्या संगणकावर उत्तम चालतो. मग चुकते कुठे?

उद्यमनगरचा तंत्रज्ञ: चूक कारागिराची नाही आणि मॉनिटरचीही नाही. बीबीसी मायक्रो सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा पाठवतो, तर १९८७ साली आलेल्या व्हीजीएची गती सुमारे ३१,५०० रेषांची आहे, आणि बहुतेक एलसीडी मॉनिटर त्याखाली उतरतच नाहीत. शिवाय त्या गोल सॉकेटमधून रंगांचे संकेत पाच व्होल्टच्या पातळीने येतात, व्हीजीएला मात्र ०.७ व्होल्ट पुरतात. म्हणून ती केबल आधी काढून ठेवा.

खर्च करण्यापूर्वी ‘व्हिडिओ आउट’ लिहिलेल्या बीएनसी (फिरवून अडकवायच्या गोल) सॉकेटला अडॅप्टर लावून टीव्हीच्या एव्ही इनपुटमध्ये जोडून पाहा. चित्र कृष्णधवल दिसेल, त्याने घाबरू नका. संगणकाच्या आतील मुख्य बोर्डावरची एस३९ ही जोडणी केल्याशिवाय या सॉकेटवर रंग येत नाहीत.

गंगावेसकर: रंग आणि रेखीव अक्षरे हवी असतील, तर माझे मत आरजीबी-टू-एचडीएमआयच्या बाजूने आहे. रास्पबेरी पाय झिरो या चिमुकल्या संगणकावर बसणारा हा छोटा बोर्ड पाच व्होल्टचा डिजिटल संकेत थेट वाचतो आणि प्रत्येक बिंदू जागच्या जागी ठेवतो. मोड ७ या पडद्याच्या प्रकारातील टेलिटेक्स्टची (टीव्हीवरील मजकूर-सेवेसारखी) अक्षरे थरथरू नयेत याचीही त्यात सोय आहे. जीबीएस-८२०० हा संकेत व्हीजीएत बदलणारा स्वस्त बोर्ड मीही वापरून पाहिला, पण अक्षरांच्या कडा पुसट झाल्या आणि रंगांची पातळी उतरवण्यासाठी रोधक जोडावे लागले ते वेगळेच. पाय झिरोला मिनी-एचडीएमआय केबल लागते. मी साधी आणली आणि दुकानात दुसरा हेलपाटा घातला.

बेनक्यूचा बीएल७०२ए हा जुना एलसीडी मॉनिटर १५ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार रेषा) झेलतो खरा, परंतु तो शोधण्यात वर्ष घालवू नये.

उद्यमनगरचा तंत्रज्ञ: एक राहिले. मूळ पॉवर सप्लायमधील पिवळसर पारदर्शक कपॅसिटरला तडे गेले असतील, तर तो एखाद्या दिवशी धूर काढून फुटेल आणि घरभर वास पसरेल. यंत्र तासन्‌तास चालवण्याआधी तो बदलून घ्या.

शाहूपुरीकर: आपणा दोघांचा आभारी आहे. आमच्या टीव्हीवर एव्ही इनपुटचे पिवळे सॉकेटच नव्हते. हेडफोनसारखे एक भोक होते आणि त्याची तीन शेपट्यांची केबल दिवाणाखालच्या खोक्यात मिळाली. ती जोडल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ उमटले. पॉवर सप्लाय उघडला आहे. कपॅसिटरला केसाएवढे तीन तडे आहेत. तो बदलल्यावरच आरजीबी-टू-एचडीएमआय बोर्ड मागवतो.