मदत हवी आहे: ओरॅकलमध्ये दुसऱ्या सेशनची ट्रेस फाइल सापडत नाही

नमस्कार मंडळी,

ओरॅकल १९सी डेटाबेस, लिनक्सवर. एका पतसंस्थेचा व्याजाचा रिपोर्ट आधी पाच-सहा मिनिटांत निघायचा, सोमवारपासून पाऊण तास घेतोय. महिनाअखेर तोंडावर आली आहे आणि शाखेतून सारखे फोन येताहेत. अंदाजाने इंडेक्स टाकत बसण्यापेक्षा ट्रेस (सेशन नेमकं काय करतं, कुठे थांबतं याची नोंद) घ्यायचं ठरवलं.

व्ही$सेशन या व्ह्यूमधून (चालू सेशनची यादी) रिपोर्टच्या सेशनचा एसआयडी (ओळख क्रमांक) आणि सिरियल नंबर काढला, डीबीएमएस_मॉनिटर या पॅकेजमधलं सेशन_ट्रेस_एनेबल वेट्स ट्रू देऊन (म्हणजे थांबण्याच्या नोंदींसह) चालवलं. एरर आली नाही. मग व्ही$डायग_इन्फोमधल्या 'डिफॉल्ट ट्रेस फाइल'समोरचा पाथ घेऊन सर्व्हरवर गेलो, तर त्या नावाची फाइलच नाही! यूझर_डंप_डेस्ट या सेटिंगमधलं फोल्डरही चाळलं. ट्रेस चालू तरी झालाय का, हे कसं कळणार?

उत्तर:
ट्रेस बहुतेक चालू आहे, तुम्ही फाइल चुकीची शोधताय. व्ही$डायग_इन्फोमधली ती ओळ तुमच्या स्वतःच्या सेशनची असते आणि त्या सेशनने काही लिहिलं नसेल तर फाइल तयारच होत नाही. व्ही$सेशनचा पीएडीडीआर आणि व्ही$प्रोसेसचा एडीडीआर हे कॉलम (दोन्हींत प्रोसेसचा पत्ता असतो) क्वेरीत जोडा, एसआयडी रिपोर्टचा द्या. व्ही$प्रोसेसच्या ट्रेसफाइल कॉलममध्ये पूर्ण पाथ मिळेल. व्ही$सेशनच्या एसक्यूएल_ट्रेस कॉलममध्ये 'एनेबल्ड' दिसतंय का तेही बघा. यूझर_डंप_डेस्टच्या मागे लागू नका, ११जी आवृत्तीपासून ट्रेस डायग्नॉस्टिक_डेस्ट या सेटिंगमधल्या फोल्डरखाली जातात.

दोन गोष्टी सांभाळा. रिपोर्ट सुरू व्हायच्या आधीच ट्रेस लावा, मध्येच लावला तर क्वेरीचा पार्स (वाचून-तपासून घेण्याचा टप्पा) होऊन गेलेला असतो. आणि अॅप्लिकेशन कनेक्शन पूलमधून (सगळ्यांनी वाटून वापरायची तयार कनेक्शन्स) येत असेल तर एकाच सेशनमध्ये दहा जणांचं काम मिसळतं. तिथे क्लायंट आयडेंटिफायर (त्या वापरकर्त्याची खूण) सेट करून क्लायंट_आयडी_ट्रेस_एनेबल वापरा, मग टीआरसीसेस (trcsess) या टूलने त्या फायली एकत्र करता येतात.

मूळ प्रश्नकर्ता:
सापडली! नावाच्या शेवटी रिपोर्टच्या प्रोसेसचा एसपीआयडी (सर्व्हरवरचा प्रोसेस क्रमांक) होता, मी माझाच शोधत होतो. पूल नाही, थेट कनेक्शन आहे. फाइल उघडली तर 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड'च्या वेट ओळी पानंच्या पानं भरून आहेत, म्हणजे एकेक ब्लॉक वाचत बसलाय. काल रात्री रिपोर्टच्या आधी ट्रेस लावून पुन्हा घेतला, संपल्यावर सेशन_ट्रेस_डिसेबलही केलं. टीकेप्रॉफ (ट्रेसचा वाचनीय सारांश देणारं टूल) चालवून क्वेरीचा प्लॅन संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो, कृपया नजर टाका.